बापूसाहेबांचा खांदा

टेंभीखारात धर्मराजला धर्मराज म्हणून हाक मारणारी एकटी त्याची म्हातारी आई उरली होती. बाकी सगळा गाव त्याला ‘अमेरिका’ म्हणायचा. लढाईच्या दिवसांत तो बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला होता. बॉयलरची वाफ पायावर येऊन भाजला, आणि बोटीनं त्याला बाल्टिमोर नावाच्या बंदरात इस्पितळात टाकून पुढचा रस्ता धरला. बरा होईपर्यंत तो तिथल्या गोदीच्या वस्तीत, रोझी नावाच्या बाईच्या खाणावळीत राहिला. परत आला तो एक लंगडा पाय, एक लोकरीची टोपी आणि एक गोष्ट घेऊन. पाय कुणाच्या कामाचा नव्हता. टोपी पनवेलच्या उकाड्यात कोण घालणार? गोष्ट मात्र गावानं झिजेपर्यंत वापरली.

रोझीच्या घराला खाली तळघर होतं. बंदराला मोठी भरती आली की खारं पाणी गटारातून उलटं चढून तळघरात शिरायचं, कोळसा भिजायचा, बटाटे सडायचे. त्या वस्तीचा मेंबर दर निवडणुकीला सांगायचा, यंदा गटाराचं काम करतो. रोझी बादलीनं पाणी उपसायची आणि उपसता उपसता मेंबरच्या सात पिढ्या उद्धरायची. मग तिचा नवरा वारला. मेंबर काळा कोट घालून आला आणि त्यानं मढ्याच्या पेटीला खांदा दिला. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली, आणि रोझीनं डोक्यावर नवी हॅट चढवून त्यालाच मत दिलं.

“मी इचारलं, बाय, मत का दिलंस त्याला? तर रडायलाच लागली. बोलली, त्यानं माझ्या नवऱ्याला खांदा दिला!”

“आन् पानी?” कुणीतरी ठरल्यासारखं विचारायचं.

“पानी? घरी आली, हॅट काढली, आन् बादली घेऊन तळघरात उतरली!”

लोक हसून लोळायचे. सगळ्यात मोठ्यानं हसायचा विठू, धर्मराजचा लंगोटीयार. “येवढी गोरी मानसं, इमानं उडवतात, आन् अक्कल बघा!” म्हणायचा. धर्मराजही हसायचा. त्याला वाटायचं, आपल्याकडे नवं नवं स्वराज्य आहे, आपले लोक अडाणी असतील पण एवढे येडे नाहीत. गोष्ट दुसऱ्याची असली की माणसाला डोळे फुटतात. स्वतःची आली की खोबणीसुद्धा बंद होतात. हे त्याला कळायला फार दिवस लागले नाहीत.

टेंभीखारचं तळघर म्हणजे गावाची सगळी शेती. खाडी एका अंगाला, भातखाचरं दुसऱ्या अंगाला, आणि मधे मातीचा बांध. बांध आहे तोवर भात, बांध गेला की चिखल आणि खेकडे. पुढे तीन वर्षं मीठ धुऊन निघेस्तोवर गवतसुद्धा उगवत नाही. हा बांध एका जागी खचला होता. गावकरी दर वर्षी तिथं काट्याकुट्या, पेंढा आणि चिखल कोंबत, पण ते फाटक्या गोधडीला ठिगळ. दगडी काम पाहिजे होतं, आणि ते लोकलबोर्डाशिवाय होणारं नव्हतं. गावाचं मसण बांधाच्या पलीकडे, खाडीतल्या उंचवट्यावर. मयत न्यायचं ते बांधावरूनच, आणि खचलेल्या जागी ओहोटी बघूनच. भरतीला तिथं मांडीएवढं पाणी असायचं.

बोर्डावर मेंबर होते बापूसाहेब, पनवेलच्या भातगिरणीचे मालक. मागच्या निवडणुकीत त्यांनी गावदेवीसमोर नारळ फोडून सांगितलं होतं, “बांधाला दगड लागल्याशिवाय मी पुन्हा तोंड दाखवणार नाही.” दगड लागला नाही. तोंड मात्र दाखवलं, आणि ते सुद्धा किती! पंचक्रोशीत माणूस मेलं की बापूसाहेबांची जीप हजर. जोडे काढायचे, टोपी काखेत मारायची, आणि थेट तिरडीला खांदा द्यायचा. टेंभीखारात असं घर उरलं नव्हतं की ज्याच्या मयताला बापूसाहेबांचा खांदा लागला नाही. दवाखाना मागितला तर साहेब मुंबईला असत, रस्ता मागितला तर पुण्याला. मेलं कोणी की अर्ध्या तासात पनवेलहून निघालेले असत.

निवडणूक पुन्हा आली तेव्हा गाव चिडलेलं होतं. मिठागरावर, विहिरीवर, ताडीच्या झाडाखाली, जिथं बघावं तिथं बापूसाहेबांच्या नावानं शिमगा चालला होता. धर्मराजनं ठरवलं, लोखंड तापलंय तोवर घाव घालायचा. शेजारच्या गावचा आनंदा उभा राहिला होता. बोलायला मुखदुर्बळ, पण त्यानं स्वतःच्या गावचा बांध गावकऱ्यांना घेऊन बांधून काढला होता आणि बोर्डाच्या मागे लागून दगडही आणला होता. धर्मराजनं घर घर पालथं घातलं. शेवटी गावदेवीच्या देवळात सगळ्या कर्त्या माणसांनी बेलभंडारा उचलला. हातात बेलाचं पान आणि हळद घेऊन एकेकानं देवीसमोर सांगितलं, मत आनंदाला. विठूनं तर दोनदा सांगितलं.

“आता बघतो कनचा मायचा लाल फिरतो,” धर्मराज घरी येऊन बायकोला म्हणाला.

हौसा चूल फुंकत होती. ती वर न बघता म्हणाली, “बेलभंडारा उचललाय खरा. पन निवडणुकीपर्यंत गावात कोनी मरू नये म्हंजे झालं.”

धर्मराज हसला. त्याला ती थट्टा वाटली.

मतदानाला आठवडा राहिला असताना त्याची आईच गेली. भीमाबाई पिकलं पान होती. सकाळी पेज प्यायली, भिंतीला टेकून बसली आणि तशीच राहिली. पनवेलजवळच दिलेली बहीण भामा आणि तिचा नवरा जगन आले. गाव गोळा झालं. ओहोटी दुपारची होती, म्हणून घाई करून तिरडी बांधली. लोक रडले, कारण म्हातारीनं अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. विठू तर लेकरासारखा रडला. त्याला तिनंच या जगात ओढून काढला होता.

तिरडी उचलली, चार पावलं चालले असतील नसतील, आणि जीप येऊन थांबली.

बापूसाहेबांनी जोडे काढले, टोपी काखेत मारली. चेहरा असा की त्यांचीच आई गेली असावी. लोकांनी आपसूक वाट करून दिली. पुढच्या उजव्या बाजूला विठू होता, तो लगेच बाजूला सरकला. बापूसाहेब बांबूला हात घालणार तोच विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चाललेला धर्मराज वळला.

“हात लावू नका.”

बापूसाहेबांना वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. “धर्मराज, आई सगळ्यांची सारखी असते रे,” असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या हातानं धर्मराजच्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या चार वर्षांचा राग, बोर्डाच्या कचेरीत घातलेले हेलपाटे, त्या बांधात कोंबलेला पेंढा, सगळं एकदम घशाशी आलं. “माझ्या आयेला खांदा नको तुमचा,” तो ओरडला. “ती मेलीय, तिला काय त्याचं! खांदा द्यायचा तर बांधाला द्या. बांधाला द्या म्हटलं की मुंबईला पळता, आन् मढं दिसलं की गिधाडावानी उतरता?”

बापूसाहेबांनी हात जोडले. आवाज जराही न चढवता म्हणाले, “चुकलं माझं. तुझा राग मी समजू शकतो.” आणि मान खाली घालून ते बाजूला उभे राहिले. त्यांना यातलं सगळं कळत होतं. बोलायचं काम आता गाव करणार होतं.

“खाली ठेवा,” विठू म्हणाला.

उचललेली तिरडी विसाव्याच्या जागेशिवाय खाली टेकवत नाहीत. पण ती टेकवली. रस्त्याच्या धुळीत, बापूसाहेबांच्या जीपसमोर.

“आयच्या मढ्यावर राजकारन करतोस?” विठूचे डोळे अजून ओले होते, पण आता त्यात आग होती. “माझ्या थोरल्या भावाला या मानसानं खांदा दिला, भर पावसात. तुझ्या चुलत्याला दिला. दाराशी आलेला खांदा परतवून लावायचा? मेलेल्याचा शाप घेशील! माफी माग, मंग उचलतो.”

“बांध विसरलास, विठू? देवीला काय बोललास ते विसरलास?”

“बांध येगला, मयत येगलं.”

“येगलं कुठं, बेअकलांनो? याच्यावरच तर मत मागतोय तो!”

पण ऐकतो कोण? ज्या तोंडांनी महिनाभर बापूसाहेबांना शिव्या घातल्या, तीच तोंडं आता धर्मराजला मसणाचा धर्म शिकवत होती. भरती काही कुणाची वाट बघत नव्हती. उशीर झाला असता तर बांधावरून जाता आलं नसतं आणि म्हातारीला रात्रभर तिथं ठेवावं लागलं असतं. दोन शब्द माफीचे बोलले की काम होत होतं. धर्मराजनं आईच्या तोंडाकडे बघितलं. त्याची जीभ उचलेना.

गर्दीतून हौसा पुढे आली. तिनं पदर कमरेला खोचला आणि मागच्या बांबूखाली जाऊन बसली. बायकांनी तोंडावर हात घेतला. बाई माणूस कधी तिरडीला हात लावतं? मग भामा रडत रडत आली आणि तिच्या शेजारी बसली. जगन पुढे आला. धर्मराजनं एका हातात मडकं धरलं आणि दुसऱ्या बाजूचा बांबू खांद्यावर घेतला.

चौघांनी भीमाबाईला उचललं. एक लंगडा, दोन बायका आणि एक जावई. तिरडी कलत होती, थांबत होती. बांधाच्या खचलेल्या जागी पाणी यायला लागलं होतं. हौसाचा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला, पण तिनं बांबू सोडला नाही. गाव अलीकडे उभं राहून बघत होतं. त्यातलं एकही माणूस पुढे आलं नाही. चिता पेटली तेव्हा जीपचा आवाज ऐकू आला. गावातले पाच-सहा जण बापूसाहेबांना निरोप द्यायला धावत गेले होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी देवीच्या भगतानं बेलभंडारा उतरवला. देवीला एक नारळ, एक कोंबडं, आणि शपथ मोकळी. कारण काय, तर ज्यानं शपथ घालायला लावली त्यानंच मयताचा धर्म मोडला, तेव्हा शपथ बाटली. नारळ-कोंबडं कुठून आलं हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

शाळेत दोन पेट्या ठेवल्या होत्या, ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. बापूसाहेबांच्या पेटीवर छत्रीचं चित्र, आनंदाच्या पेटीवर कंदिलाचं. लोक नवे कपडे घालून आले. बायकांनी छत्रीच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, एकीनं तर पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. धर्मराज रांगेत उभा राहून सगळं बघत होता. त्याला रोझीची नवी हॅट आठवली. हसू मात्र आलं नाही.

बापूसाहेब निवडून आले. टेंभीखारातून आनंदाला तीन मतं पडली. ती कुणाची, तर धर्मराज, हौसा आणि बहुधा शाळेचे मास्तर. बाकी गावभर सांगत सुटले की आमी बापूसाहेबांना दिलं, लपवायचं काय त्यात?

त्यानंतर धर्मराजच्या घरी कुणी विस्तव मागायला आलं नाही. त्याला कुणी गोष्ट सांग म्हटलं नाही. तोही गावाकडे पाठ करून मिठागरावर जायचा आणि पाठ करूनच यायचा. “मरा म्हनावं,” तो हौसाला म्हणायचा. “बुडा. तुमच्या लायकीचंच गावलंय तुमाला.” हौसा म्हणायची, “आपलं खाचर पन त्याच बांधाच्या आत हाय.”

श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, बांधावरून आरोळी आली. “खांड पडली! खांड पडली!”

बांध फुटला की हीच आरोळी, आणि तिला टेंभीखारात एकच नियम होता. घरटी एक माणूस, हातातलं काम टाकून, फावडं-टोपली घेऊन बांधावर. त्यात भांडण बघायचं नाही, सुतक बघायचं नाही. धर्मराज ओटीवर बसला होता. त्यानं आरोळी ऐकली आणि तसाच बसून राहिला. मग सणसणीत शिवी हासडून उठला, फावडं घेतलं आणि लंगडत पळत सुटला.

खचलेली जागाच गेली होती. खाडी दोन पुरुष रुंद भगदाडातून आत घुसत होती, आणि आत लावणी झालेलं हिरवंगार भात होतं. माणसं पाण्यात उतरली, खांद्याला खांदा लावून भिंतीसारखी उभी राहिली, आणि मागून बायका चिखलाच्या टोपल्या टाकू लागल्या. धर्मराज उतरला तो नेमका विठूच्या शेजारी. दोघांचे खांदे एकमेकांना घासत होते.

“बोलवा ना तुमच्या बापूसाहेबाला!” धर्मराज पाण्यावरून ओरडला. “खांदा द्यायला चांगला हाय तो! आता लागतोय खांदा!”

विठूच्या तोंडात पाणी गेलं होतं. त्यानं ते थुंकलं.

भगदाड काही बुजलं नाही. पाण्यानं आणखी माती ओढली, विठू वाहून चालला तेव्हा धर्मराजनं त्याला दंडाला धरून खेचला आणि सगळेच मागे हटले. संध्याकाळपर्यंत भातावर कमरेएवढं खारं पाणी उभं राहिलं. पुढची तीन वर्षं तिथं काही पिकणार नव्हतं, हे लहान पोराला सुद्धा माहीत होतं.

चार दिवसांनी बापूसाहेब आले. पाण्यातून चालत आले, धोतर गुडघ्यापर्यंत धरून. मागे गडी गव्हाची पोती घेऊन. पोत्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात छापलेले होते आणि खाली इंग्रजी अक्षरं. धर्मराजला वाचता येत नव्हतं, पण त्या हातांमागची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण त्यानं बाल्टिमोरच्या गोदीत रोज पाहिली होती. अमेरिकेचा गहू. सरकारकडून आला असणार, तो पनवेलला कुणीही वाटला असता. पण लोकांनी बापूसाहेबांना हार घातला.

“यंदा बांधाला दगड लागल्याशिवाय मी...” बापूसाहेबांनी सुरुवात केली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे पाय खाऱ्या पाण्यात होते. धर्मराजला वाटलं, आता तरी कुणी विचारेल. एकानं तरी विचारावं.

विठू पुढे झाला. पाण्यातून ओढून काढलेला माणूस हा. याला तरी अक्कल आली असेल.

विठूनं हात जोडले. “सायेब, आमचा बा, रामू, लय दिवस काढील असं वाटत नाय. पानी लागलं त्याला. तुमी याल ना?”

“येणार म्हणजे काय, विठू!” बापूसाहेब गहिवरले. “विचारतोस काय असं? रात्री-अपरात्री निरोप पाठव.”

विठूचे डोळे भरून आले. गर्दीतून समाधानाचा एक सुस्कारा गेला.

“आन् न्यायचा कुठनं?” धर्मराजनं विचारलं. आवाज चढवायची ताकदही त्याच्यात उरली नव्हती. “मसनात जायची वाट बांधावरनं व्हती. बांध गेला. बापाला ठेवनार कुठं, विठू?”

विठूनं खांडीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तेवढ्या एका क्षणाला धर्मराजला वाटलं की समजलं, पोचलं आत.

“होडी,” बापूसाहेब म्हणाले. “रामूकाकांसाठी होडी मी देईन. सगळी व्यवस्था माझी.”

आधी कुणीतरी “वा!” म्हणालं. मग टाळ्या पडल्या, मघाच्यापेक्षा जास्त. विठू धर्मराजकडे वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, उलट जुनी मैत्री परत जोडायला निघाल्यासारखा तो हसत होता.

“बघ अमेरिका, कसा मानूस हाय! सोड आता तो राग. चल, सगळी जमलीत, ती रोझीची गोष्ट सांग. हसव जरा.”

धर्मराजनं हौसाच्या डोक्यावरच्या, वाट्याला आलेल्या गव्हाच्या पोत्याला हात दिला आणि घराच्या वाटेला लागला.

“मी नाय सांगत,” तो मागे न बघता म्हणाला. “आता तिकडं जाऊन रोझीलाच सांगा तुमची. ती हसल.”